ब्रिटिश गोमांसावरची बंदी: अर्धंच खरं

‘फ्रान्सने निव्वळ धंद्यातल्या चढाओढीपायी ब्रिटिश गोमांस अडवलं,’ असा मजकूर फिरतोय. तो अर्धाच खरा. मार्च १९९६ची निर्यातबंदी युरोपीय संघाची होती. ‘मॅड काऊ’ या गायीगुरांच्या मेंदूच्या रोगाचा माणसांच्या मेंदूविकाराशी संबंध असावा, हे त्याच महिन्यात खुद्द ब्रिटिश सरकारने संसदेत सांगितलं होतं. ऑगस्ट १९९९मध्ये निर्यात खुली झाली, तीही अटींवर: जनावर ६ ते ३० महिन्यांचं, मांस हाडं काढलेलं. फ्रान्स तरीही अडून बसला, कारण त्यांच्याच अन्नसुरक्षा संस्थेचं मत प्रतिकूल होतं. यावर ब्रिटिश कृषिमंत्री निक ब्राउन यांनी फ्रेंच पदार्थांवर वैयक्तिक बहिष्कार टाकला (रुसवाच तो!). डिसेंबर २००१मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल फ्रान्सविरुद्ध गेला, तरी बंदी उठायला ऑक्टोबर २००२ उजाडला. चढाओढीचा संशय घ्यायचाच, तर या शेवटच्या दिरंगाईवर घ्यावा.