मासा, पिरॅमिड आणि वाचू पाहणारा मास्तर

शिक्षकाने सतत शिकत राहिलं पाहिजे, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि सांगणारे मोकळे होतात. काय वाचायचं ते आपलं आपण शोधायचं. म्हणून रात्री वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून मी नेटवर शिक्षणाविषयी काही वाचण्याजोगं मिळतंय का ते धुंडाळतो. वह्या तपासण्यापेक्षा हे काम वरच्या दर्जाचं वाटतं. शिवाय लाल पेन लागत नाही.

आधी गाठ पडते याद्यावाल्यांशी. 'वर्ग शांत ठेवण्याचे 27 उपाय'. आता 27 उपाय असते तर जगातले वर्ग केव्हाच शांत झाले असते. पण आशा वाईट. चौथा उपाय, हसतमुख राहा. अकरावा, मुलांशी हसून बोला. एकोणिसावा, चेहऱ्यावर स्मित असू द्या. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला मी असा हसत उभा राहिलो, तर मुलं नाही, मुख्याध्यापक घाबरतील. निम्मं वाचून होतंय तोवर पडद्यावर चौकट येते: 'थांबा, जाऊ नका!' हे वाक्य मीही शेवटची घंटा झाल्यावर वर्गाला म्हणतो. परिणाम तोच.

मग चाळण लावायला लागलो. लेखात झाडावर चढू पाहणारा मासा दिसला, 'माशाला झाडावर चढण्यावरून जोखलं, तर तो जन्मभर स्वतःला मूर्खच समजेल' असं वाक्य आणि खाली आइन्स्टाइनचं नाव असलं, की पान बंद. ते वाक्य आइन्स्टाइनने म्हटल्याचा कुठे पुरावा नाही, पण बिचाऱ्या माशाला विश्रांती नाही. दुसरी चाळण पिरॅमिडची: वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, केलेलं 90. आकडे इतके गोल, की स्मरणशक्ती दहाच्या पाढ्यावर चालते की काय असं वाटावं. हा पिरॅमिड ज्यांच्या नावावर खपवतात, त्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946 साली 'अनुभवांचा शंकू' ही आकृती मांडली, तेव्हा तिच्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून कुणीतरी चिकटवली. तिसरी चाळण 'बघून शिकणारी मुलं, ऐकून शिकणारी मुलं' यांची. 2008 साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की त्याला जास्त येतं, याला भक्कम आधार त्यांना मिळाला नाही. माझ्या वर्गात काही जण खिडकीतून बघून शिकतात, ही शैली त्या तक्त्यात नाहीच.

एवढ्या चाळण्यांतून उरतं फार थोडं, पण जे उरतं ते कसदार असतं. अमेरिकेतल्या लॅरी क्यूबन यांचंच घ्या. आधी शाळेत इतिहास शिकवला, मग स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापकी केली. शाळा सुधारण्याची नवी लाट आली, की ते शांतपणे विचारतात, वर्गात नेमकं बदललं काय? मला असे लिहिणारे आवडतात. त्यांचा पाठ फसतो, फळ्यावरचं गणित चुकतं, आणि ते तसं लिहितात. 'सर्व मुले आनंदाने सहभागी झाली' असं वाक्य दिसलं, की मी समजतो, हा माणूस टाचण लिहितोय.

अडचण एवढीच, की असे शिक्षक वर्षाकाठी दोनदा लिहितात. साहजिक आहे, त्यांच्याही वह्या साठलेल्या असतात. 27 उपायवाले रोज लिहितात.

अशाच एका दुर्मीळ लेखात अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो भेटल्या. 1970च्या दशकात त्यांनी वर्गांतलं बोलणं टेप करून ऐकलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि पुढे बोलू लागतात, असं दिसलं. तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. खर्च शून्य, चार्जिंग नको, उपायही एकच. मी खूश.

दुसऱ्याच दिवशी प्रश्न विचारला आणि थांबलो. वर्गासमोर तोंड मिटून तीन सेकंद उभं राहणं म्हणजे काय, ते मास्तरकी केलेल्यालाच कळेल. जीभ आतल्या आत उत्तराकडे धाव घेते. मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच आपलं पुस्तक उघडलं, माझ्याकडे वळवलं आणि पुढे सरकवलं. उत्तराखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.