'रॉकवेडा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, नाइलाज आहे)

'रॉकवेडा' साहेब,

इमोवरच्या (पंक रॉकमधून निघालेल्या, भावना उघड्या टाकणाऱ्या संगीतावरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १९८५च्या वॉशिंग्टनमधल्या बँडना मी तिथे इमोचे जनक म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. पहिल्यांदा नुसतंच डोकं फिरलं. मतभेदाला माझी कधीच ना नसते, पण "विकिपीडिया मराठीत ओतून तज्ज्ञ झालेले" ही बोलायची कुठली पद्धत? समोर बसून चहा पीत असतो तर हेच वाक्य तोंडातून निघालं असतं का तुमच्या?

सांगायचं नव्हतं, पण आता सांगतोच. पुण्यात हॉस्टेलला असताना अख्खी विंग लॅनवरून लिंकिन पार्क कॉपी करायची, तेव्हा मी त्यांतल्याच एका बँडचा, 'राइट्स ऑफ स्प्रिंग'चा अल्बम रात्रभर डाउनलोडला लावून झोपायचो आणि पहाटे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तो एकदाचा उतरला आणि स्पीकरवर लावला, तर रूममेटने विचारलं, "कोण गेलं का रे?" तेव्हा विकिपीडिया मला नका शिकवू.

आता तुमचा मुद्दा. "ज्या बँडना 'इमो' हा शब्दच मान्य नव्हता, ते इमोचे जनक कसे?"

असे. १९८४-८५च्या वॉशिंग्टनमध्ये हार्डकोरच्या (म्हणजे वेगवान, आक्रमक पंकच्या) शोला गाण्यापेक्षा हाणामारी जास्त व्हायला लागली होती. त्याला विटलेल्या पोरांनीच नवे बँड काढले. 'राइट्स ऑफ स्प्रिंग'चा गायक गाय पिचिओटो गाताना ओरडतो, पण ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटतो आणि तो तसाच फाटका रेकॉर्डवर ठेवलाय. गिटार अजून हार्डकोरचीच, राग मात्र व्यवस्थेवरून स्वतःकडे वळलेला. त्यांचा १९८५चा तो अल्बम डिस्कॉर्ड या रेकॉर्ड कंपनीने काढला, निर्माता इयन मॅकाय. मॅकायचा स्वतःचा बँड 'एम्ब्रेस' त्याच उन्हाळ्यातला. या बँडना कुणीतरी 'इमोकोर' म्हणायला लागलं आणि मॅकायने स्टेजवरूनच त्या शब्दाची टर उडवली. बरं मग? बारशाला बाळाला कोण विचारतं?

तुमचाच नियम लावू. तुम्ही शेवटी ज्यांना "एकमेव खरा इमो" म्हणता, त्या माय केमिकल रोमान्स बँडच्या गायकाने, जेरार्ड वेनेही हे लेबल जाहीरपणे झिडकारलंय. म्हणजे त्यांचा 'द ब्लॅक परेड' अल्बमसुद्धा बाद. मग उरलं काय, डोळ्यावरचे केस आणि काजळ? ते २००० नंतरचं प्रकरण आहे. त्याआधी १९९४मध्ये सिएटलच्या 'सनी डे रिअल इस्टेट' या इमो बँडचा 'डायरी' अल्बम येऊन गेला होता. त्यातल्या कुणाचे केस कसे होते, ते तुम्ही शोधा, वेळ दिसतोय तुमच्याकडे.

एक मान्य. लेखात बाई एकही नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. त्या १९८५च्या उन्हाळ्याला 'रिव्होल्यूशन समर' हे नाव तिथल्याच पंक मंडळींतल्या एमी पिकरिंगने दिलं, तिचा उल्लेख यायला हवा होता. आता आला. पण त्यावरून मला "पुरुषी गेटकीपर" म्हणणं म्हणजे जरा अतीच झालं राव.

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या इमोला दोनच ओळी दिल्या, मेक्सिकोत २००८ला इमो पोरांना झालेल्या मारहाणीवर लिहिलं नाही, फॉन्ट बारीक आहे वगैरे बाकीच्या मुद्द्यांवर काय बोलणार! सगळं एका लेखात मावत नसतं.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. फक्त दुसऱ्या ओळीतला तो एक शब्द काढलाय. हा ब्लॉग माझी आई वाचते.