कमरेचा पट्टा वाटला, जबाबदारी संपली?

भिवंडीकडच्या गोदामात कुणाची कंबर धरली की सुपरवायझरचं वाक्य ठरलेलं: "नीट वाकला नसशील." मग पट्टे वाटायचे, 'गुडघ्यात वाकून उचला' असा फलक लावायचा. धडधाकट माणसाची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरावा नाही, हे अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने 1994 मध्येच सांगितलंय.

वजनाइतकाच प्रश्न आहे तो माल कुठे ठेवलाय याचा. याच संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं जुळून आलं तर 23 किलो चालतात: हात घोट्यांपासून 25 सेंमी पुढे, जमिनीपासून 75 सेंमी वर. हात 50 सेंमी पुढे गेले की साडेअकरा. त्यात माल जमिनीलगतही असेल तर 9 किलोच्या आत. आणि आठ तासांच्या पाळीत मिनिटाला पाच नग उचलायचे असतील तर? जेमतेम 3 किलो! इथे तेलाचा डबाच 15 किलोचा. तो पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) पलीकडच्या कडेला, तळच्या थरात असला की गुडघ्यात वाकणार कसं? पॅलेटच आडवं येतं. फलक वाचायचा आणि कमरेतून वाकायचं.

यावर खर्च फारसा नाही. भरलेल्या पॅलेटखाली दोन-तीन धड रिकामी पॅलेट घाला, एकाला साधारण 15 सेंमी उंची मिळते. चारही बाजूंनी फिरता येईल एवढी जागा सोडा. जड माल रॅकच्या मधल्या कप्प्यात, हलका वर. (दुकानांत 25 किलोचा तांदूळ हमखास तळच्या फळीवर असतो.)

हँड पॅलेट ट्रक, म्हणजे पॅलेट उचलून न्यायची हातगाडी, शक्यतो ढकलायचा. ओढताना आपण थांबतो, माल थांबत नाही, टाच सापडते. पुढच्या रोलरमध्ये स्ट्रेच फिल्म (मालाभोवती गुंडाळायचं प्लास्टिक) गुंडाळली गेली की गाडी अडते आणि झटका खांद्याला बसतो. रिकामी गाडी आडवी करून ती फिल्म रोज कापून काढा.

एवढं करूनही लागलं तर "घरी पडलो म्हण, भानगड नको" हा सल्ला ऐकू नका. महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल, ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल, तर कामावरच्या इजेला पगाराच्या 90 टक्के भरपाई, बरं होईपर्यंत, अगदी नोकरीच्या पहिल्या दिवशी लागलं तरीही. तीच इजा आजारपण म्हणून दाखवली की 70 टक्के, वर्षाला 91 दिवस, तेही पुरेसे हप्ते भरलेले असतील तर. कंत्राटी कामगारालाही हेच लागू. केसपेपरवर 'काम करताना' हे शब्द लिहून घ्या आणि अपघात नोंदवहीतल्या आपल्या ओळीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.