कोल्ह्याच्या विष्ठेचा मेसेज आणि गावच्या कुत्र्याचा जंत

मोहफुलं वेचायचे दिवस आले की जंगलकाठच्या गावांतल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर साधारण असा: ‘सावधान! कोल्हे, लांडगे, रानकुत्रे, खोकड आणि तरस यांच्या विष्ठेतून जीवघेणा जंत पसरतोय. मोहफुलं वेचू नका. विष्ठेजवळून गेलात तरी श्वासातून अंडी आत जातात आणि मेंदूत गाठी होतात. शेळ्या गोल फिरून मरतात त्या यानेच. बोकडाचं मटण बंद करा. कोल्हे दिसतील तिथे बंदोबस्त करा.’ खाली दोन फोटो आणि ‘सर्वांना पाठवा’.

फोटोंपासूनच सुरुवात करू. पहिल्यातला प्राणी बर्फात उभा आहे आणि त्याच्या शेपटीचं टोक पांढरं आहे. आपल्या वावराच्या धुऱ्यावर दिसणाऱ्या खोकडीच्या शेपटीचं टोक काळं असतं. पांढऱ्या टोकाची तांबडी खोकड भारतात असते ती हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या मुलखात, विदर्भात नाही. दुसऱ्या फोटोतल्या कोल्ह्याचे केस गळालेत, कातडी जाड झाली आहे. ती खरूज आहे. कातडीत शिरणाऱ्या बारीक किडीने ती होते, पोटातल्या जंताने नाही. आणि तरस कुत्र्याच्या कुळातला नाहीच. त्याचं नातं मांजर-मुंगसाच्या बाजूचं.

बर्फातल्या फोटोवरून मेसेज कुठून उचलला असेल याचाही अंदाज येतो. मध्य युरोपात खोकडीच्या आतड्यात एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस नावाचा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, सापडतो. माणसाच्या यकृतात तो फार वाईट पसरतो, म्हणून तिकडे रानातली फळं धुऊन खा असं सांगतात. पण हा जंत उत्तरेकडच्या थंड मुलखातला: युरोप, रशिया, चीन, जपानचं होक्काइदो. तिकडच्या फळांच्या जागी कुणीतरी आपली मोहफुलं घातलेली दिसतात. आपल्याकडे मोह वेचल्यावर कडक उन्हात वाळवतात आणि मग शिजवतात किंवा भाजतात. जंताच्या अंड्यांना कोरडेपणा आणि उष्णता सोसत नाही. ताजं फूल तोंडात टाकायचं असेल तर धुऊन घ्या, हात धुवा, एवढं पुरे. पहाटे मोहाखाली खरी भीती वाघाची आणि अस्वलाची, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

‘श्वासातून अंडी जातात’: या जंतांची अंडी तोंडावाटे पोटात जावी लागतात. मातीचे हात, न धुतलेला भाजीपाला, उघडं पाणी, कुत्र्याला कुरवाळून तसंच जेवायला बसणं, हे त्यांचे रस्ते. वाटेवरच्या विष्ठेशेजारून चालत गेल्याने काही होत नाही.

मेंदूतल्या गाठींचा मुद्दा सगळ्यात जास्त घाबरवतो आणि सगळ्यात जास्त चुकतो. आपल्याकडे जंताच्या गाठींमुळे लोकांना फिट येतात त्या बहुतेक टीनिया सोलियम या जंताच्या. त्याचा पूर्ण वाढलेला पट्टकृमी फक्त माणसाच्या आतड्यात राहतो आणि अंडी माणसाच्याच विष्ठेतून बाहेर पडतात. मधला यजमान, म्हणजे अंडी गिळून अंगात गाठी धरणारा प्राणी, डुक्कर. यात कोल्हा कुठेच येत नाही. गोदरीच्या वाटेबद्दल, उघड्यावर बसण्याबद्दल बोलायला आपल्याला लाज वाटते, म्हणून कोल्ह्याचं नाव घेणं सोपं जातं.

आता यात खरं किती ते सांगतो. कोल्हा, लांडगा, रानकुत्रा यांच्या पोटात जंत असतात, आणि माणसाला त्रास देणारा हायडॅटिडचा जंत, एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस, त्यांच्यात राहू शकतो. तो जेमतेम २ ते ७ मिलिमीटरचा असतो. अंडी चाऱ्यातून शेळी-मेंढी-गाईच्या पोटात जातात आणि काळजात (यकृतात), फोपसात (फुप्फुसात) पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. माणसातही तसंच होतं: बहुतेक गाठी यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात, मेंदूत क्वचित. गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. पण जंताचा फेरा पूर्ण व्हायला ती गाठ कच्चीच कुत्र्याच्या पोटात जावी लागते. ती कुठे जाते? पोळ्याच्या करीला, कंदुरीला बोकड कापतो, वाटे पाडतो, आणि गाठी असलेलं काळीज ‘खराब निघालं’ म्हणून कुत्र्यापुढे फेकतो. साधारण दीड महिन्यात त्याच कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात, आणि ती पडतात आखरावर, अंगणात, पोरं खेळतात तिथे. गावाबाहेरच्या उकिरड्यावर रात्री कोल्हा येतो तेव्हा हा जंत त्याला आपल्याकडूनही मिळू शकतो.

गोल फिरणाऱ्या शेळीची गोष्ट याच घराण्यातली. टीनिया मल्टिसेप्सची गाठ तिच्या मेंदूत वाढते, मान एका बाजूला कलते, कधी दिसेनासं होतं. हा जंत कोल्ह्या-लांडग्यातही असतो, पण कळपासोबत रोज फिरतो तो राखणीचा कुत्रा, आणि मेलेल्या शेळीचं मुंडकं त्याच्याच वाट्याला येतं. शिवाय गोल फिरणारी प्रत्येक शेळी जंताचीच नसते. लिस्टेरिया या जिवाणूनेही असं होतं आणि त्याचे उपचार वेगळे. डॉक्टरला दाखवा.

मटण? हायडॅटिडची गाठ खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही, अंडी गिळल्याने होतो. गाठ असलेला भाग काढून टाका, बाकीचं नीट शिजवून खा.

राहिला ‘बंदोबस्त’. कोल्हा, लांडगा, रानकुत्रा, खोकड हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मारलं तर गुन्हा. विष घातलेलं मांस कोल्ह्यासाठी ठेवलं तरी गावचं कुत्रं, कावळा, गिधाड कुणीही खातं. वावरातले उंदीर खाणारा एक प्राणी कमी होतो तो वेगळाच. आणि जंत होते तिथेच राहतात, कारण अंडी टाकणारी कुत्री गावातच असतात.

बंदोबस्त करायचाच तर काळीज-फोपसाचे फेकायचे तुकडे खोल पुरा किंवा चांगले उकळून मगच कुत्र्याला घाला. कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी द्या. दुकानातली प्रत्येक जंताची गोळी या जंतावर चालत नाही, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव घेऊन विचारा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून किमान ४ वेळा द्या म्हणते. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा पुरून किंवा जाळून टाका, कारण मेलेल्या जंतांबरोबर अंडीही त्यातूनच बाहेर पडतात.