पाडव्याचा तो उजेड तबकडीचा नव्हता

अमळनेरच्या गल्लीतल्या पोरांपासून धुळ्याच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी मला एकच मेसेज पाठवलाय: "अमेरिकेने 701 उडत्या तबकड्या मान्य केल्या, मग तपास दाबला. 2022 च्या पाडव्याला खान्देशावरून गेली तीही तबकडीच. आपलं सरकार गप्प."

शेवटापासून धरतो, कारण ते मी आमच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, पाहिलंय. 2 एप्रिल, पावणेआठचा सुमार. गुढी उतरवून झाली होती. सातपुड्याच्या अंगाने जळते निखारे एकामागे एक पूर्वेकडे सरकत होते, आवाज काहीच नाही. शेजारचे आप्पा म्हणाले, "काय शे रे भो ते?" खूण त्या संथ सरकण्यातच होती. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने येते आणि डोळा लवेपर्यंत विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरणारा रॉकेट-उपग्रहांचा कचरा साधारण 8 च्या वेगाने, तिरपा शिरतो, म्हणून आरामात बघता येतो. त्याच संध्याकाळी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. तो उजेड फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च 3बी रॉकेटच्या जळत्या टप्प्याचा, असं जाणकारांनी जुळवलं. इस्रोचे शास्त्रज्ञ कडं बघायला आले होते. याला गप्प बसणं म्हणत नाहीत.

आता 701. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या तबकड्यांच्या तपासात 1947 ते 1969 मधल्या 12,618 नोंदी तपासल्या गेल्या, त्यातल्या 701 ची ओळख पटली नाही. एवढंच. पोलीस ठाण्याच्या आवारात बेवारस मोटारसायकल गंजत पडली, म्हणून ती मंगळावरून आली असं कुठला हवालदार लिहितो?

दाबादाबीचं मात्र अगदीच खोटं नाही. यू-2 हे हेर विमान 1955 पासून प्रवासी विमानांच्या कितीतरी वरून उडायचं. वैमानिक चमकतं काही कळवायचे, आणि हवाई दल खरं सोडून भलतंच कारण सांगायचं. लपवलं ते विमान. ब्लू बुकची कागदपत्रं तर तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही बघता येतात. पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, 2022 मध्ये अशा नोंदी तपासायला नवं कार्यालय काढलं; त्याच्या मार्च 2024 च्या अहवालात 1945 पासूनचा मागोवा आहे आणि परग्रहावरच्या यंत्राचा पुरावा नाही. त्याआधीच्या, 2021 च्या अमेरिकी सरकारी अहवालातल्या 144 नोंदींपैकी एकाचाच छडा लागला होता, हेही खरं. तो निघाला हवा गेलेला फुगा.

बाकी मेसेजला जोडलेल्या "आपल्या खान्देशातल्या" फोटोत मागे बर्फाचे डोंगर दिसतात. एप्रिलमध्ये, अमळनेरात.