‘फरक फक्त कागदाचा’ म्हणणाऱ्यांसाठी

“छोट्या विमानातली सुरक्षा उपकरणं महाग, कारण सर्टिफिकेट. तेच यंत्र स्वतः जुळवलेल्या विमानात निम्म्या किमतीत बसतं. फरक फक्त कागदाचा!” नाशिकच्या विमानवेड्यांत सध्या हा मजकूर फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणून चटकन पटतो.

आधी कागदाचं बघू. त्यामागे डीओ-१६० या विमान-उपकरणांच्या मानकाच्या चाचण्या असतात: यंत्र तापवायचं, गोठवायचं, हादरवायचं, त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी मोजायच्या. अंबड-सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. स्वस्तातला मोबाइल चार्जर सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या सॉकेटला लावला, तर त्याच्या स्विचिंग सर्किटचा गोंगाट ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, म्हणजे टॉवरशी बोलण्याच्या रेडिओत, शिरू शकतो. मग स्क्वेल्च (सिग्नल नसताना रेडिओ गप्प ठेवणारी सोय) उघडाच राहतो आणि टॉवरचा क्षीण आवाज खरखरीत बुडतो. फोन मात्र झकास चार्ज होतो!

पुढचा दावा: “नियम हलतच नाहीत.” हलले की. २०१४ साली अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने, एफएएने, अँगल ऑफ अटॅक इंडिकेटरची (पंख हवेला किती कोनात भिडतोय ते दाखवणाऱ्या यंत्राची) मंजुरी सोपी केली. २०१६ मध्ये डायनॉन डी१०ए आणि गार्मिन जी५ हे इलेक्ट्रॉनिक क्षितिजदर्शक (विमान किती कललंय ते दाखवणारी यंत्रं) जुन्या सर्टिफाइड विमानांत बसवायला परवानगी मिळाली. त्याआधीची तक्रार रास्तच होती. जुना क्षितिजदर्शक व्हॅक्यूम पंपाने फिरणाऱ्या जायरोवर, म्हणजे भोवऱ्यावर, चालतो आणि त्या पंपातल्या कार्बनच्या पात्या न सांगता तुटतात. जायरो लगेच पडत नाही, हळूहळू कलंडतो, आणि ढगात वैमानिक त्या खोट्या क्षितिजाशी विमान जुळवत बसतो.

“सगळा पैसा सर्टिफिकेटचाच.” पॅनेल कापणं, वायरिंग, वेग-उंची मोजणाऱ्या पिटो-स्टॅटिक नळ्यांची गळती तपासणं, वजन-समतोलाचा हिशेब, ही मजुरी कुठे गेली? शिवाय अमेरिकेतली मंजुरी भारतात आपोआप चालत नाही, इथल्या नियामक डीजीसीएचं काम वेगळं.

“मंजुरीशिवाय काहीच लावता येत नाही.” हे तर सरळ चूक. खिशात मावणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मसाठी विमानात बदल करावाच लागत नाही. अशा विमानांचा हीटर एक्झॉस्टच्या मफलरभोवतीची गरम हवा केबिनमध्ये घेतो. मफलरला तडा गेला की वायूही आत. थंडीत निफाडचा पारा पाचाखाली उतरतो, तेव्हा हीटर लागणारच. फक्त घरगुती अलार्म घेऊ नका: अमेरिकी मानकाप्रमाणे तो ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) निदान तासभर गप्प राहतो. कमी पातळीला वाजणारा, आकडा दाखवणारा घ्या, नजरेच्या टप्प्यात लावा आणि उतरल्यावर उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये ठेवू नका.