एकमताने दोषी, म्हणून मोकळा

काल संध्याकाळी कट्ट्यावर वाद पेटला तो प्राचीन यहुद्यांच्या सर्वोच्च धर्मन्यायालयाच्या, म्हणजे सॅन्हेड्रिनच्या परंपरेतील एका नियमावरून. देहदंडाच्या खटल्यात सर्वच न्यायाधीशांनी आरोपीला दोषी ठरवले, तर त्याला सोडून द्यावे, असे राव काहाना या यहुदी धर्मपंडिताचे मत तालमूद या यहुदी धर्मचर्चांच्या ग्रंथात नोंदलेले आहे. मी हे सांगताच आमचे वकीलसाहेब उसळले.

"तेवीस माणसांना एकच गोष्ट दिसते, तेव्हा पुरावा किती भक्कम असेल! अशा वेळी आरोपीला मोकळा करायचा, हा कुठला न्याय?"

मी म्हणालो की, कारण तालमूदनेच दिलेले आहे. जेरुसलेमचे मोठे न्यायमंडळ 71 जणांचे होते आणि देहदंडाचे खटले 23 जणांच्या मंडळापुढेही चालत. न्यायाधीश खळ्याच्या अर्ध्या वर्तुळासारखे बसत, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा दिसे, आणि ज्येष्ठांच्या दबावाखाली कोणी मत बदलू नये म्हणून सर्वांत कनिष्ठ आधी बोले. सुटकेचा निकाल त्याच दिवशी देता येई. शिक्षेचा मात्र दुसऱ्या दिवशीच, कारण मधली रात्र आरोपीच्या बाजूने काही सापडते का, हे शोधण्यासाठी राखलेली असे. ज्या मंडळात त्याच्या बाजूने एकही आवाज उठला नाही, तिथे ती रात्र जागून शोध घेणार कोण? मला हा नियम फार खोल वाटतो.

इतिहास शिकवणारे सर इतका वेळ ऐकत होते. "हे नियम ज्या मिश्नेत आणि तालमूदमध्ये आहेत, त्यांतली मिश्ना, म्हणजे यहुद्यांच्या मौखिक नियमांचा संग्रह, सिद्ध झाली इ.स. 200 च्या सुमारास आणि तालमूद त्याहूनही नंतरचा. जेरुसलेमचे मंदिर तर 70 मध्येच जळाले होते. प्रत्यक्षात काय घडत होते, ते पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्यात वाचा. इ.स. 62 मध्ये रोमन अधिकारी जागेवर नसल्याची संधी साधून मुख्य याजक अनानस याने न्यायसभा भरवली आणि येशूचा भाऊ याकोब याच्यासह काही जणांना दगडमाराची शिक्षा दिली. कुठे गेली तेव्हा ती मधली रात्र?"

आक्षेप वजनदार होता आणि मी तो मान्य केला. तरी त्याच जोसेफसने पुढे लिहिले आहे की, या कृत्यावर शहरातले कायद्याबाबत काटेकोर असणारे लोकच संतापले, त्यांनी राजा अग्रिप्पाकडे तक्रार केली आणि अनानसचे पद अवघ्या तीन महिन्यांत गेले. म्हणजे न्यायसभेने कसे वागावे, याची काही कल्पना लोकांच्या मनात मिश्नेच्या आधीपासून होती, असे मी तरी समजतो.

वकीलसाहेब मात्र अजून पहिल्याच मुद्द्यावर होते. मी त्यांना सांगितले की, सात वर्षांत एकाला देहदंड देणारे न्यायमंडळ विध्वंसक म्हणावे, असे मिश्ना सांगते. त्यातलेच एक धर्मपंडित एलाझार बेन अझर्या त्याऐवजी सत्तर वर्षे म्हणतात. आणि तार्फोन व अकिवा हे दोन धर्मपंडित म्हणतात की, आम्ही त्या मंडळात असतो तर कोणालाच कधी मारले गेले नसते. हे ऐकून त्यांनी विचारले, "मग खून झालेल्याच्या घरच्यांनी काय करायचे?"

त्यावर मी त्यांना त्याच परिच्छेदाचे शेवटचे वाक्य सांगितले. रब्बान शिमोन बेन गम्लिएल तार्फोन आणि अकिवा यांना उत्तर देतात की, अशाने इस्राएलात रक्त सांडणारेच वाढले असते. मिश्ना तिथेच थांबते, कोण बरोबर ते सांगत नाही.

"हा माझा माणूस," वकीलसाहेब म्हणाले, आणि उद्या त्याची बाजू आपण मांडणार असे बजावूनच ते उठले.